मेबलची कळ

८ ऑक्टोबर १९२३

खुर्ची रिकामी होणार! म्हातारे प्राध्यापक नाताळनंतर घरी बसतायत. चर्चेत नावं दोनच, त्यातलं एक माझं. या कॉलेजात त्या खुर्चीला आजवर बाईचा हात लागला तो फक्त धूळ पुसायला.

सगळं माझ्या त्या एका निबंधावर अडलंय. रेडियमचे किरण आदळले की कोळशातला अणू फुटतो, असं मी म्हणते. लंडनवाले म्हणतात, फुटत नाही. नोव्हेंबरात त्यांचे डॉ. पिकर्सगिल स्वतः येऊन खात्री करणार. करा म्हणावं!

बाबा असते तर म्हणाले असते, "हॅटी, कोळसा फोडायला बार्न्सलीच्या खाणींत पुष्कळ माणसं आहेत. त्याला शिकलेली पोर कशाला?" मला शिकवायला मात्र याच माणसाने रंगाच्या गिरणीत हात कायमचे निळे करून घेतले. आज असायला हवे होते.

९ ऑक्टोबर

दुपारभर मोजणी. आधी काळोखात नुसतं बसून राहायचं, डोळे सरावेपर्यंत. मग जस्ताच्या भुकटीच्या त्या इवल्याशा पडद्यावर दोन बाजूंनी दोन सूक्ष्मदर्शक — एकाला मी, एकाला मेबल. अणूचा तुकडा पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी. दिसली की आपली कळ दाबायची, सरकत्या कागदी पट्टीवर टिंब उमटतं. तोंडातून शब्द काढायचा नाही. दोघींची टिंबं जुळली तरच ठिणगी खरी.

कॉलेज मदतनीस देत नाही. धाकटी बहीण फुकट मिळते. बिचारी टोप्यांच्या दुकानातून धावत येते.

"हॅटी, तुझी कळ केवढी वाजते गं! शेजारी सुतारपक्षी बसल्यासारखं वाटतं."

"आणि तुझं टिंब बघ. दर वेळी माझ्या किंचित मागे! बोटं आहेत की दोडकी? तू स्वतःच्या लग्नालाही गाडी चुकवशील."

"चुकवलीच की," म्हणाली, आणि कोट चढवून गेली. तिचा वॉल्टर युद्धातून परत आला नाही. माझ्या जिभेला हाड नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

चॅपलमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले. उजव्या कोपऱ्यात ठिणगी! मग दुसरी. उघडले, पुन्हा मिटले. तिसरी. सगळे 'आमेन' म्हणाले तेव्हा माझा अंगठा बाकावर कळ दाबत होता.

१५ ऑक्टोबर

थकवा. दुसरं काही नाही.

२३ ऑक्टोबर

थकवा नाही. डॉ. हर्स्ट यांनी उजवा डोळा बराच वेळ तपासला. त्याच डोळ्याने मी मोजते.

"ठिणग्या दिसतात का?"

"तेच तर माझं काम आहे."

"काम सोडून इतर वेळी?"

मी चॅपलमधलं सांगितलं.

"डोळ्याचा पडदा सुटतोय, बाई. आत ताण बसला की डोळा आपल्याच ठिणग्या दाखवतो. वर्षभर तरी चाललं असणार." डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून महिनाभर उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. तरीही डोळा वाचेलच असं नाही. पिकर्सगिल येऊन जाईपर्यंत शक्य नाही म्हटलं. ते चिडले.

वर्षभर! निबंध फेब्रुवारीतला. ट्राम सोडून दिली आणि पावसात चालत सुटले. किरणांसमोरची कोळशाची चकती काढली की ठिणग्या थांबतात, हे खरं. पण काढलीय हे मला माहीत असतं. देवा!

घराच्या फाटकाशी आल्यावर आठवलं — मेबल! तिचे डोळे धडधाकट. तिचीही टिंबं जुळतात. माझा डोळा लबाड निघाला तरी तिचा कशाला निघेल? फाटकाला धरून रडले. डोळा जाऊ दे. काम खरं आहे.

५ नोव्हेंबर

गल्लीच्या टोकाला दरवर्षीची पाच नोव्हेंबरची होळी पेटवली. पोरांनी पेंढ्याचा बुवा जाळला, मेबलने आल्याचा पार्किन केक वाटला. उजव्या डोळ्यात खालून काळं चढत चाललंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

धुराड्याच्या बाजूला एक ठिणगी उडाली. खरी की माझी, कळेना.

"मेबल, ती दिसली का?"

"दिसली की!" लगेच म्हणाली.

जीव भांड्यात पडला. केकचा आणखी एक तुकडा खाल्ला.

१२ नोव्हेंबर

आज तिला डोळ्याचं सगळं सांगितलं. खूप रडली. मग म्हटलं, पिकर्सगिलसमोर सूक्ष्मदर्शकाला तू एकटीच बसायचंस. तिच्या हातातली बशीच पडली.

"मला नको बसवूस, हॅटी. शेजारी तू नसलीस तर मला नाही जमायचं."

"माझं काय काम? डोळे तुझे आहेत ना!"

"नाही जमायचं गं."

मग मी नको नको ते बोलले. वीस वर्षं मी पुरुषांच्या मागच्या बाकावर बसून काढली, आणि आयुष्यात एकदा तुझी गरज पडली तर तू शेपूट घालतेस! ती खाली बसून बशीचे तुकडे वेचत राहिली. शेवटी "बसते" म्हणाली. माझ्याकडे न बघता.

१३ नोव्हेंबर

पिकर्सगिल आले. गुळगुळीत माणूस. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "आपली नजर विलक्षण आहे, मिस ओल्डरॉइड. आमच्याकडचे तरुण डोळे फोडून घेतायत, एकालाही काही दिसत नाही."

"लंडनच्या धुक्यात काय दिसणार?"

हसले. मीही हसले. ते डाव्या हाताला बसले होते म्हणून मला दिसले तरी. उद्या सकाळी मोजणी. मेबल जेवली नाही.

१४ नोव्हेंबर

मेबलची कळ एकदाही वाजली नाही. पट्टी कोरी.

ट्राममध्ये तिने माझा हात घट्ट धरला. "मला कधीच काही दिसलं नाही, हॅटी. तुझी कळ वाजली की मी माझी दाबायचे. पहिल्या दिवशी टिंबं जुळली तेव्हा तू मला मिठी मारलीस. मग कसं सांगू?"