शेवटाकडून वाचलेली राज्यं

प्रिय धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. मोजक्या ओळी, त्यातल्या निम्म्या माझ्या गुडघ्यांबद्दल. गुडघे आहेत तसेच आहेत, जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना भांडतात. पण खाली तू जे विचारलंस त्यासाठी मी आज कागद घेऊन बसले आहे. ‘ताई, हे कधी संपतं? तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत, कुठे लिहिलंय का?’ फोनवर विचारलं असतंस तर मी ‘जेवलीस का’ म्हणून विषय बदलला असता. भावजी गेल्यापासून आपल्या दोघी जावांचं फोनवर त्याच्या पुढे गेलेलंच नाही. तू लिहून विचारलंस, म्हणून मलाही लिहूनच सांगायला हवं. पुढच्या महिन्यात तुझा भाऊ तुला कायमचं न्यायला येणार, हेही तू चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं आहेस, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं. त्याबद्दल मी काही बोलणार नव्हते. बघू.

तुझा प्रश्न घेऊन मी खरोखरच पुस्तकं खाली काढली. आणि लिहिलंय, बरं का. रोममध्ये बायकोने नवऱ्यासाठी दहा महिने दुःखात राहावं असा नियम होता. चीनमध्ये तीन वर्षं. इजिप्तमध्ये श्रीमंत माणसाचा देह पुरायला तयार करायचा तर सत्तर दिवस लागत, म्हणजे तेवढे दिवस कुणाला ना कुणाला निदान काम तरी असे. जुन्या इराकात, सुमेरच्या बाजूला लोकांना वाटायचं की मेलेल्याला खाली तहान लागते, म्हणून थडग्यात मातीची नळी बसवून वरून पाणी ओतायचे. हे मी मागे एकदा भावजींना सांगितलं होतं, मी तुमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा. नळदुरुस्तीत आयुष्य गेलेला माणूस, लगेच म्हणाले, ‘वहिनी, जोडणी पक्की होती का? नाहीतर सगळं मधेच झिरपायचं.’ तू त्यांना ताटावरून दटावलंस. तर अशी सगळ्यांनी मेलेल्या माणसाची नीट काळजी घेतली आहे. मागे राहिलेल्या बाईने दुपारी चार वाजता काय करायचं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

मग मी विचार केला, पुस्तकातलं राहू दे, मला जे कळलंय तेच सांगावं. पण ते सांगायचं तर मी कशी वाचायला शिकले ते आधी सांगावं लागेल. तुला अर्धं माहीत आहे. तू लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात मी तुला एका राणीची गोष्ट सांगितली आणि तू जाऊन भावजींना विचारलंस, ‘तुमच्या वहिनी बऱ्या आहेत ना?’ ते त्यांनी तसंच्या तसं मला येऊन सांगितलं. तुझंही चुकलं नव्हतं. मी ती गोष्ट उलटी सांगत होते, राणीच्या मरणापासून तिच्या जन्मापर्यंत. मला तशीच येत होती.

शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं सगळं मी ह्यांच्या टेबलापाशी शिकले. हे लायब्ररीच्या बाइंडिंगच्या खोलीत कामाला होते आणि सुटलेली पुस्तकं संध्याकाळी शिवायला घरी आणायचे. इतिहासाची जाडजूड पुस्तकंच जास्त यायची. ‘साम्राज्य मोठं असलं की पुस्तकाचा कणा आधी मोडतो,’ म्हणायचे. पुस्तक सोडवलं की त्याच्या दुमडलेल्या पानांच्या जुड्या व्हायच्या. त्या ते पालथ्या रचून ठेवायचे आणि शेवटच्या जुडीपासून शिवत सुरुवातीकडे यायचे. त्यांच्या वडिलांनी तसं शिकवलं होतं, म्हणून तसं. जी जुडी शिवायची ती आधी माझ्या हातात द्यायचे आणि मी वाचून परत दिली की सुई घालायचे. सुरुवातीला मी एकेका शब्दाशी अडायचे. तितका वेळ हे दोरा ओवून बसून राहायचे, पण ‘आटप’ कधी म्हणाले नाहीत.

त्यामुळे मी सगळी राज्यं शेवटाकडून वाचली. आधी शहर जळायचं, मग त्याला वेढा पडायचा, मग तट बांधले जायचे, आणि सरतेशेवटी नदीकाठी चार झोपड्या उरायच्या. राजा आधी पुरला जायचा, मग म्हातारा व्हायचा, मग तरणाताठा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मला वाटलं, जुन्या काळी असंच होत असेल. हसू नकोस. ह्यांनी स्वतः कधी एक पान वाचलं नाही. ‘मी वाचायला लागलो तर शिवणार कोण?’ पण जेवताना रोज विचारायचे, ‘मग, आज कितीचा झाला तुझा राजा?’ मी म्हणायचे, बावीस. ‘म्हणजे परवापर्यंत रांगायला लागेल.’ लढाया, तह, ह्यातलं त्यांना काही नको असायचं. एवढ्या महालात भांडी कोण घासायचं, फौजेतल्या हत्तींची लीद कुठे टाकायचे, तो साधू घर सोडून रानात गेला तेव्हा त्याची बायको काय म्हणाली, हे त्यांचे प्रश्न. मला उत्तर यायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी मी तेच शोधत वाचायचे. धर्माच्या पुस्तकांतसुद्धा मी देवाच्या आधी बायका शोधल्या, ते ह्यांच्यामुळे.

आता ऐक. हे संपत नाही. तुला खोटं सांगितलं तर तू महिना मोजत बसशील आणि महिना उलटला की स्वतःलाच दोष देशील. हे गेले त्यानंतर वर्षभर मला ते फक्त हॉस्पिटलातले दिसायचे. नाकातली नळी, सुजलेली बोटं, उशीवरून एका बाजूला गेलेली मान. डोळे मिटले की तेच. एवढा संसार केला आणि माझ्याकडे राहिलं काय, तर ते शेवटचे दिवस. तुलाही आता भावजी बाथरूमच्या दाराशी पडलेलेच दिसत असतील, तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. पण मग एक दिवस, कपडे वाळत घालताना, मला हे नव्या कवळीवर चिडलेले आठवले. ती खिशात टाकून हे बँकेत गेले होते आणि तिथे बोलता येईना. ते आजारपणाच्या आधीचं. मग मुलाच्या कॉलेजच्या वेळचे आले, केस काळे, त्याच्याशी बोलणं बंद केलेले. परवा तर पहिल्यांदा भेटलो तेव्हाचे आले. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसलेले, प्यायला विसरलेले.

म्हणजे माणूसही शेवटाकडूनच आठवतो. मला तशा वाचनाची सवय होती, म्हणून मी घाबरले नाही. तूही घाबरू नकोस. भावजी उठतील तिथून. वेळ लागेल, पण एक दिवस पाना हातात घेऊन शिट्टी वाजवत येतील आणि तुला वाटेल हे कुठून आले. दुःख कमी होतं असं नाही. ते तेवढंच राहतं, त्यातला माणूस मात्र तरुण होत जातो आणि आपण इथेच म्हाताऱ्या होत बसतो. हा भाग मला अवघड जातो. तो तुला पुढे कधीतरी कळेल, आज नको.

आणखी एक. ह्यांच्या मागे तू इथे महिनाभर राहिलीस, दोन्ही वेळचं केलंस, मला अंघोळीला ढकललंस. तेव्हा तू त्यांचं टेबल आवरलंस आणि खळीची वाटी घासून लख्ख केलीस. वाटीत त्यांच्या बोटांच्या रेघा सुकलेल्या होत्या. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही, आणि तुला वाटलं माझं डोकं दुखतंय. तुझ्याकडेही कुणीतरी मायेपोटी असंच आवरायला येईल. तू गप्प बसू नकोस. हात लावू नका म्हणून सांग.

गेल्या आठवड्यात मी एक पुस्तक वाचत होते, पहिल्या पानापासून, शहाण्या माणसासारखं. त्यात होतं की इजिप्तमधले लोक मेलेल्यांना पत्रं लिहायचे, तीही कधी कधी मातीच्या वाडग्यावर. वाडग्यात जेवण ठेवायचं, म्हणजे खायला आलेल्याला मजकूर दिसेलच. एका बाईने नवऱ्याला लिहिलंय की घरातली मोलकरीण आजारी पडली आहे, तुमचं लक्ष आहे की नाही? प्रेमाबिमाचं काही नाही, सरळ भांडण. मला हसू आवरेना आणि मी सांगायला मान वळवली. ‘आधी वाचायचं की आधी जेवायचं?’ हे असंच विचारणार, हे मला ठाऊक होतं. खुर्ची रिकामी. हे जाऊन इतके दिवस झाले तरी मान वळते. मी पुस्तक मिटलं, त्यानंतर तुझ्या प्रश्नापुरतं चाळलं ते सोडलं तर एकही पान वाचलेलं नाही. मला आता कळलं, मी वाचत होते ते संध्याकाळी कुणालातरी सांगण्यासाठी. सांगितलं नाही की वाचलेलं माझ्या अंगी लागत नाही.

वाळवंटात एकटे राहायला गेलेल्या साधूंबद्दलही मी वाचलं आहे. माणसं नकोत म्हणून गेलेली माणसं, चटया विणायची, कुणाशी बोलायची नाहीत. पण आठवड्याच्या शेवटी तीही एकत्र जमायची आणि एका पंगतीला बसून जेवायची. ज्यांनी एकटेपण मागून घेतलं त्यांनाही ते आठवडाभरच पेललं.

मुलगा मला बोलावतोय. सूनबाई चांगली आहे, पुस्तकं आणा म्हणते, पण निवडून. दोघं सकाळी जातात ती दिवे लागल्यावर येतात. तिथेही मी एकटीच, फक्त लिफ्ट असेल. तुझ्या भावाचं घर मी पाहिलं आहे. मायाळू माणूस आहे, पण तुझी खाट बाहेरच्या खोलीत पडणार, आणि कुणी आलं की तू स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसणार.

तुला धीर द्यावा म्हणून मी लिहायला बसले होते आणि इथवर येईपर्यंत माझ्याच लक्षात आलं की मी काहीतरी मागते आहे. भावाला नको म्हणून सांग आणि माझ्याकडे राहायला ये. तुझ्यासाठी म्हणत नाही. तू माझ्याहून खमकी आहेस, तू कुठेही निभावशील. माझ्यासाठी ये. तू ह्यांच्यासारखी ऐकणारी नाहीस हे मला माहीत आहे. मधेच उठशील, गॅस बंद केला का बघून येते म्हणशील, रोमचा राजा इजिप्तच्या गादीवर बसवशील. चालेल मला. आतल्या खोलीतलं कपाट मी तुझ्यासाठी रिकामं करायला घेतलं आहे. खालचे दोन खण झाले. वरच्या खणाला माझा हात पोचत नाही, तो तू आल्यावर बघू.

तुझीच,
थोरली