घाटावर दम सोडणारी जीप

४ जाने. २००२
आज पुन्हा तेच. कोरचीच्या वाटेवरचा घाट, निम्मा चढ, आणि जीपचा दम गेला. सपाटीवर घोडी, चढावर म्हातारी. शाळेतल्या बाई जीप चालवतात हेच लोकांना नवल, त्यात चाकाला दगड लावून उभी.
नागपूरहून दादाचा फोन. भंगारात दे म्हणे. बाबांची जीप! मी खूप बोलले त्याला. शेवटी ठरलं, १३ ला तो शेजारी बसणार. न थांबता घाट चढली तर राहील, नाहीतर त्याच दिवशी भंगारवाला.

६ जाने.
कुरखेड्यात रशीदभाऊंच्या गॅरेजात. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं ते यांनीच, मी आठवीत होते. अजून डोळ्यांसमोर आहे: इंजिन साखळीवर लोंबतंय, खाली बाबा हात नाचवत सूचना देतायत. रशीदभाऊंनी त्यांची नक्कल केली, पोट दुखेतो हसलो.
फिल्टर बदलला, डिझेलच्या लाइनमधली हवा काढली. घाटात फरक शून्य.

९ जाने.
आज टाकी वगळली. रशीदभाऊ डिझेलचा डबा मांडीवर घेऊन शेजारी, डब्यातून नळी थेट इंजिनाला. घाट एका दमात. बाबा असते तर गायले असते, बेसूर.
"पंप चांगला हाये बाई. टाकीतूनच डिझेल येऊन नाई राह्यलं."

११ जाने.
टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला कापडी पिशवी, दोऱ्याने आवळलेली, गाळाने काळी मिट्ट. रशीदभाऊ चक्रावले.
घरी आणली. आईने ओळखली. तेंदूपानांच्या हंगामात बाबा जीप घेऊन एटापल्लीकडे जायचे, तिथे पिंपातलं डिझेल भरायचे, त्यात कचरा फार. म्हणून आई धोतराच्या तुकड्याची पिशवी शिवून द्यायची. हंगाम संपला की बाबा जुनी काढून नवी बांधत. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. पिशवी आहे हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.
"मलेच ध्यान नाई राह्यलं," म्हणाली. ती रडली नाही, मी रडले.

१२ जाने.
टाकी धुऊन बसवली. पिशवीशिवाय घाट दोनदा चढली. र.भाऊ म्हणतात आता पेट्रोलपंपावरचं स्वच्छ डिझेल, वर चांगला फिल्टर, कापडाचं काम नाही. संध्याकाळी दादा आला.

१३ जाने., सकाळ
आईने नवी पिशवी शिवलीय. बाबांचं जपून ठेवलेलं शेवटचं धोतर फाडून.
"बांध. तुह्या बाबानं बिना पिशवीची कधी चालवली नाई."
र.भाऊंना बोलावलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, नवं कापडही ओढ कमी करतं, घाटाचा भरवसा नाही. आई टाकीजवळून हलेना. मान डोलावली मी. त्यांनी बांधली.
जीप आज भंगारात गेलीच तर आईने शिवलेल्या पिशवीमुळे जाईल. हे तिला कधी कळू द्यायचं नाही.
आई मागे बसलीय, बाबांचा चष्मा मांडीवर. दादा हॉर्न वाजवतोय.