सतरा नंबरशी माझा काहीही संबंध नाही

११ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आजपासून ड्यूटी मत्स्यालयाच्या मागच्या इमारतीत, कासवांच्या दवाखान्यात. तिकीटखिडकीवरची नऊ वर्षं संपली. पेशंट एकच. समुद्री कासव, एकतीस किलो, कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात अडकून पुढचा उजवा पाय कापत आलेला.

नाव ठेवायचं नाही असा नियम. नाव ठेवलं की जीव जडतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. टाकीचा नंबर सतरा, म्हणून कासवही सतरा. मी म्हणालो, माझी काळजी करू नका, मी मुळातच कोरडा माणूस आहे. हे बायकोला घरी सांगितलं तर ती हसत सुटली. सोळा वर्षं संसार करून तिला माझी ही बाजू माहीत नाही.

बाकीचे नियम भिंतीवर लावलेत. कासव बरं झालं की समुद्रात परत जाणार, म्हणून त्याला माणसांची सवय लागता कामा नये. काळ्या पडद्यामागे राहायचं. बोलायचं नाही. खाणं पाइपातून थेट तळाशी सोडायचं. हात दिसता कामा नयेत. सोपं आहे. तिकीटखिडकीत लोकांना माझे फक्त हात दिसायचे, इथे तेही नाहीत.

१९ फेब्रुवारी

सतरा खात नाही. सहावा दिवस. खायला सोडलेली माकुल मासळी तळाशी पडून पांढरीफटक झालीय. डॉक्टरबाई म्हणतात, इंजेक्शनं चालू आहेत, वाट बघू.

मी वाट बघतोय. पडद्याच्या फटीतून. फट मी पाडलेली नाही, होतीच. आज जरा मोठी झाली.

भीती वगैरे काही नाही. फक्त सकाळी टाकीपाशी येताना पाय जड होतात, आणि ते हललेलं दिसेपर्यंत श्वास सोडवत नाही. बीपी तपासून घ्यायला हवं.

२० फेब्रुवारी, दुपारी १.३०

पडद्याआड डबा खात होतो. झाकण हातातून निसटून टाकीच्या कठड्यावर आपटलं. सतराने मान वर काढली! मी झाकण पुन्हा वाजवलं, प्रयोग म्हणून. ते जवळ आलं. माकुल हाताने पुढे धरली. खाल्ली. एकूण पाच खाल्ल्या.

हे एकदाच. औषध म्हणून. नोंदवहीत ‘पाइपद्वारे, तळाशी’ लिहिलं, कारण छापील रकाना तोच आहे.

२१ फेब्रुवारी

औषधाचा दुसरा डोस.

२२ फेब्रुवारी

औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये, असं खुद्द डॉक्टरबाईच सांगतात.

९ मार्च

चौतीस किलो! डॉक्टरबाई खूश. पायाची जखम भरतेय. म्हणाल्या, तुमच्या शिस्तीचं फळ आहे. मी नम्रपणे मान खाली घातली आणि बराच वेळ वर काढली नाही.

त्यांची पांढरी टोपी कठड्यावर दिसली की सतरा तळ गाठतं. इंजेक्शनवाली म्हणून ओळखतं. माझं झाकण वाजलं की वर येतं. हुशार आहे. मी त्याच्याशी बोलत नाही. स्वतःशी बोलतो, ते मोठ्याने होतं इतकंच.

निश्चय: सोमवारपासून पाइप.

१६ मार्च, सोमवार

पाइप तुंबलेला आहे. बहुतेक. फुंकून पाहिला नाही.

३ एप्रिल

संशोधन विभागातला अँटेनावाला येऊन गेला. हा कासवांच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवतो, म्हणून सगळे त्याला असंच म्हणतात. कासव श्वास घ्यायला वर आलं की यंत्र जागा कळवतं. अशी बरीच कासवं सोडली की त्यांचे रस्ते नकाशावर उमटतात, आणि मग कुठे जाळी टाकू नका हे बोटवाल्यांना पुराव्यानिशी सांगता येतं. मेअखेर सतराचा नंबर, म्हणाला.

मी सहज विचारलं, किती जगतात. म्हणाला, समुद्र आहे, हमी कोण देणार. मग मी जहाजाचे पंखे, प्लास्टिक, जाळी, शार्क आणि तेलाचा तवंग याबद्दल विचारलं. म्हणाला, तुमचा अभ्यास दांडगा दिसतो. म्हटलं, जनरल नॉलेज.

घरी येऊन पित्ताची गोळी घेतली. जेवलो नाही. समुद्राची मला लहानपणापासून भीती आहे. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी बाहेर. पण मुद्दा तो नाही. मुद्दा सतराची तब्येत.

१२ एप्रिल

डॉक्टरबाईंना लेखी अर्ज दिला: सतरा अजून अशक्त वाटतं, उजवा पाय डाव्याच्या मागे पडतो, सबब सोडण्याची घाई नको. त्यांनी व्हिडिओ काढून पाय मोजले. दोन्ही सारखे.

दुसरा अर्ज: चेहरा उतरलेला वाटतो. त्यावर शेरा आला: कासव आहे.

२६ एप्रिल

आज घरी ताट वाढून झालं तेव्हा बायकोला हाक मारण्याऐवजी डब्याचं झाकण वाजवलं. नकळत. ती स्वयंपाकघरातून आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने सगळं काढून घेतलं. माझ्यासारखा पोटात काही न ठेवणारा माणूस नऊ आठवडे गप्प राहिला, याचंच तिला जास्त आश्चर्य वाटलं.

म्हणाली, उद्या सकाळी जाऊन सांगायचं. आज ते झाकणाला येतं, उद्या कुठल्याही माणसाला येईल. सगळी माणसं तुझ्यासारखी नसतात.

पटलं. उद्या सांगतो.

२७ एप्रिल

डॉक्टरबाई रजेवर.

२८ एप्रिल

आल्या. घाईत होत्या.

४ मे

घाईत नव्हत्या. उलट चहा पाजला. म्हणाल्या, तुमच्या नोंदवहीचा नमुना बाकीच्या मत्स्यालयांना पाठवणार आहोत. अशा वेळी तोंड उघडणं बरं दिसलं नसतं. चहा कडू लागला.

खरं लिहायचं तर धाबं दणाणलंय. वही कुठे कुठे जाणार, कोण कोण वाचणार. रात्रंदिवस एकच: सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर सतरा जाईल.

१५ मे, सकाळी ११

परीक्षा. माणूस कठड्याशी आला की कासवाने दूर जायला हवं. जवळ आलं तर नापास, आणखी सहा महिने इथेच.

मी मनात ठरवलं होतं की नापास होऊ दे. ते स्वतःच सांगेल, मला सांगावं लागणार नाही. इतका चोख प्लॅन मी आयुष्यात केला नव्हता.

डॉक्टरबाई पांढरी टोपी घालून कठड्याशी गेल्या. सतराने तळ गाठला आणि वीस मिनिटं वर आलं नाही. पास. अगदी उत्तम पास. अँटेनावाल्याने माझ्याशी हात मिळवला. 

एकच वाक्य बोलायचं होतं. परीक्षा मी घेतो, एवढंच. मूग गिळून उभा राहिलो.

२९ मे

सोडलं.

बोटीवर मीही होतो. दोन लाइफ जॅकेटं घातली, खलाशी हसले तरी काढली नाहीत.  सतरा ओल्या टॉवेलखाली, पाठीवर यंत्र. डॉक्टरबाईंनी विचारलं, तुम्ही सोडता का? मी नको म्हणालो. उलटी होत होती म्हणून. डोळ्यांतून पाणीही उलटीमुळेच.

पाण्यात सरकवलं आणि ते गेलं. एकदाही मागे पाहिलं नाही. फार बरं वाटलं. जिवात जीव आला. म्हणजे सवय वगैरे काही लागलेली नव्हती. बायको उगाच घाबरवते.

११ जून

अँटेनावाल्याच्या कॉम्प्युटरवर हिरवा ठिपका. किनाऱ्यापासून साठ किलोमीटर! मी दिवसातून तीनदा जातो. जेवणाआधी, जेवणानंतर आणि ठिपका अपडेट झाला का बघायला. अपडेट नसला की तिथेच बसून राहतो. तो म्हणतो, कासव वर आलं नसेल. मी म्हणतो, नसेल म्हणजे काय?

२४ जून

ठिपका परत फिरलाय. दहा दिवस मासेमारी बंदराच्या तोंडाशीच. अँटेनावाला हर्षभरित. इथे खाण्याची नवीन जागा सापडली असणार, म्हणतो. पेपर लिहायला घेतलाय. बंदराच्या तळात काय काय उगवतं याची त्याने यादी केलीय.

बंदरात बोटींवर माणसं राहतात. जेवण झालं की भांडी घासतात. भांडी वाजतात.

हे मी त्याला सांगितलं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. काहीही उगवत असेल तळात.

२७ जून, दुपारी ३

बंदरातून फोन. पाठीवर यंत्र असलेलं एक कासव बोटींना येऊन चिकटतं, तोंड वर करून थांबतं. लोक पाव टाकतात. काल एका मोटरबोटीचा पंखा पाठीला घासून गेला. ओरखडा आहे, अजून तरी ओरखडाच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, असं कसं होईल, वहीत तर सगळं नियमाप्रमाणे आहे. सगळे वहीकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

मला भीती वाटते. बीपी नाही, पित्त नाही. भीती.

२९ जून

दोन दिवस जाळं घेऊन बोट फिरतेय. सतरा वर येतं, पांढरी टोपी दिसली की बुडतं, आणि दुसऱ्या बाजूला चालू पंख्यांमध्ये वर येतं. चाळीस बोटी. कुणाकुणाला थांबवणार? डॉक्टरबाईंचा आवाज बसलाय.

 बायकोने आज डबा दिला आणि ती दारात उभी राहिली.

३० जून

सकाळी डॉक्टरबाईंना म्हणालो, मला न्या, टोपी काढा, इंजिन बंद करा. का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दिसेलच.

छोटी होडी. एकच लाइफ जॅकेट, कारण एकच होतं. पाणी हाताच्या अंतरावर, काळं, तेलकट.  झाकण काढलं आणि होडीच्या काठावर वाजवलं. चार वेळा. तिकडे एक मोठी बोट मागे येत होती, तिचा पंखा पाणी घुसळत होता, आणि मी मनात म्हणत होतो, तिकडून नको, तिकडून येऊ नकोस.

तिकडूनच आलं. सरळ. पंख्याच्या मागून दोन हातांवरून. होडीला येऊन चिकटलं आणि तोंड वर केलं. खलाशाने जाळं टाकलं.

डॉक्टरबाईंनी झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. किनाऱ्यापर्यंत त्या सतराच्या पाठीवरचा ओरखडा तपासत राहिल्या. मी दोनदा म्हणालो, माझ्यामुळेच सापडलं बरं का. तिसऱ्यांदा म्हणवेना.

२२ जुलै

कमिटी बसली. सगळं सांगितलं. वीस फेब्रुवारीपासून. नोकरी राहिली, डॉक्टरबाईंमुळे. अँटेनावाल्याने पेपर फाडला. सतरा मात्र समुद्रात परत जाणार नाही, आता नाही आणि पुढेही नाही. पुन्हा सोडलं तर पुन्हा बोटींकडेच जाईल आणि पुढच्या वेळी ओरखड्यावर भागणार नाही. कासवं पन्नास-पन्नास वर्षं जगतात, असं कुणीतरी सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं.

८ सप्टेंबर

सतरा आता पुढच्या मोठ्या हॉलमध्ये, काचेच्या टाकीत. माझी ड्यूटीही तिथेच. शाळांच्या सहलींना माहिती द्यायची.

टाकीशेजारी बोर्ड आहे: ‘हे कासव समुद्रात का नाही?’ खालचा मजकूर डॉक्टरबाईंनी माझ्याकडूनच लिहून घेतला. आधी ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ लिहिलं होतं. खोडलं. मग ‘एका कर्मचाऱ्याच्या अतिदक्षतेमुळे’. तेही खोडलं. आता असं आहे: ‘याला सांभाळणाऱ्या माणसाने घाबरून याला हाताने खाऊ घातलं, आणि ते कोणालाही सांगितलं नाही.’

दिवसाला चार शाळा. मी वाचून दाखवतो. वाचताना खांबाआड उभा राहतो, कारण मी दिसलो की सतरा काचेला तोंड लावून थांबतं, आणि मुलांना ते फार गोड वाटतं.

आज तिसरीतल्या एका मुलीने हात वर केला. त्या माणसाला काय शिक्षा झाली, असं विचारलं. त्यांच्या बाई तिला गप्प करायला लागल्या. मी म्हणालो, विचारू दे. मग सांगितलं की त्याला हा बोर्ड रोज चार वेळा मोठ्याने वाचावा लागतो.

तिने बोर्डाकडे पाहिलं, कासवाकडे पाहिलं, आणि म्हणाली, एवढीच?

पुढची शाळा साडेबाराला होती. ती वेळेवर आली.