पोरीला बरं नाही

१८ मार्च १९५५
सकाळी महादू गुरव आला. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "काकू, औंदा जबाब तुमालाच द्यायचा हाय."
मोठ्या जाऊबाई माघात गेल्या. त्यांच्यामागे हेही येईल हे लक्षातच नव्हतं. चैत्री पुनवेला पैलतीरचे लोक आमच्या देवीला साडीचोळी घेऊन येणार, तिला तिच्या सासरी न्यायला. देवळाच्या पायरीवर उभं राहून आमच्या घरच्या वडील बाईनं म्हणायचं, "पोरीला बरं न्हाई, पुढल्या साली या." की ते परत जाणार. दरसाल हेच. जाऊबाई असं ठसक्यात म्हणायच्या की न्यायला आलेले हसू दाबायचे.
लेक मालू आत गहू निवडत होती. तिचा हात थांबलेला दिसला.

२१ मार्च
परतूरहून व्याह्यांचा निरोप. तेही पुनवेलाच येतात, मालूला न्यायला. दिवाळीला आलेली पोर. संक्रांतीला विचारणं आलं, शिमग्याला आलं. दोन्ही वेळा मी कळवलं, मालूला बरं नाही.
आज ते शब्द पुन्हा मनात म्हटले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.
हे म्हणाले, "किती दिवस ठेवणार? लोक काय..." पुढे चष्मा पुसत बसले.

२५ मार्च, पाडवा
गुढी उभारली. मालूनं कडुनिंब वाटला. विचारलं, काय झालं ते नीट सांग तरी. तिनं सांगितलं, जावई हात उगारत नाहीत. सासू मूल नाही म्हणून बोलते, आणि ते समोर बसून गप्प जेवतात.
"मारलं असतं तर सांगता तरी आलं असतं," म्हणाली.
साखरेची गाठी तिच्या हातावर ठेवली, लहानपणी ठेवायची तशी.

२८ मार्च
जुनी देवळं तपासणारे एक साहेब आले होते. मराठी बेताचं, म्हणून मला बोलावणं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी इतक्या वर्षांनी बाहेर काढलं. गंजलेलं, पण चाललं.
त्यांना कथा सांगितली. देवी पैलतीरच्या महादेवाला दिली. सासरी तहान लागली, कुणी पाणी दिलं नाही. तशीच उठली, गंगा, म्हणजे ही आमची नदी, ओलांडून माहेरी आली. म्हणून तिच्या पायाखालचा दगड अजून ओला. पैलतीरचे सांगतात, पाणी दिलं होतं, हीच तापट.
साहेबांनी दोन्ही देवळं पाहिली होती. म्हणाले, ही मूर्ती पुष्कळ आधीची, समोरचं देऊळ फार नंतरचं. कितीतरी काळ ही इथे एकटीच होती.
महादूला मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "मंग नवरा नंतर आला म्हना की! समद्या बायांचा नंतरच येतो."
मीही हसले. पण दिवसभर मन थाऱ्यावर नाही. सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, इतिहास आणि गोष्ट एकाच पानावर लिहू नये. मला कधी वेगळं काढताच आलं नाही. देवी पळून आलेलीच नसेल, तर आपण इतकी वर्षं आजारी म्हणतो ते कुणाला?

१ एप्रिल
मालूबरोबर नदीवर. पाणी घोट्याएवढं. वाळूत टरबुजाच्या वाड्या. ती मध्येच थांबली.
"आई, तिला कुणी विचारलं का गं कधी?"
"कुणाला?"
"देवीला. न्यायचं म्हणणारे ते, बरं नाही म्हणणारे तुम्ही."
म्हटलं, रीत आहे. ती पाण्यातून पाय ओढत पुढे गेली. मलाही माझं पहिलं माहेरपण आठवलं. भाऊ न्यायला आला, सासूबाई "घेऊन जा" म्हणाल्या, दोघांनी दिवस ठरवला. मी दाराआड उभी. आनंदात होते, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही.

६ एप्रिल
महादूनं जबाबाची तालीम घेतली. "आवाज चढवा, काकू. भांडल्यावानी म्हना, पर भांडू नका." तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा पूजा सांगितल्यासारखं.
व्याही उद्या सकाळी पोचतील. मालूची ट्रंक यांनी ओट्यावर काढून ठेवली. मी आत नेली. पुन्हा बाहेर दिसते.

७ एप्रिल, पौर्णिमा
हलगी वाजवत पैलतीरचे आले. त्यांच्यातले वडीलधारे आबा पुढे. "काय हो इहीनबाई, पोर किती वर्सं ठिवून घेता? आमचा देव म्हातारा झाला वाट पाहू पाहू!"
आमच्या बाया ओरडल्या, "पानी पाजाया येत न्हाई अन् न्यायला येता जल्दी जल्दी!" सगळे हसले. मग गप्प झाले. आता मी.
समोर व्याही उभे. मालू खांबाला टेकून.
"पोरीला..." म्हटलं आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. दुसरेच आले. "पोरीला विचारा."
महादू कुजबुजला, "काकू, असं न्हाई म्हनायचं!" पण पायरीवरचा शब्द मागे घेता येत नाही, तीही रीतच.
आबा म्हणाले, "इचारायचं कसं?"
"कौल लावावा लागंल," महादू. जुन्या माणसांनाही आठवेना, यासाठी कधी कौल लावल्याचं. कण्हेरीची दोन फुलं ओली करून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. उजवं पडलं तर जाते, डावं पडलं तर राहते.
व्याही जवळ आले. "आन् आमाला काय जबाब?"
"तोच."
आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

८ एप्रिल
एकही फूल पडलं नाही. कौल लागेपर्यंत उठायचं नसतं, म्हणून पैलतीरचे मंडपातच. टरबुजं फोडताहेत. आबा म्हणतात, "लईच बारकाईनं इचार करून राह्यली आमची सून."
मालू सगळ्यांना पाणी देत हिंडली. शेवटी व्याह्यांना दिलं. त्यांनी तांब्या रिकामा केला, पण परत दिला नाही. तो हातात धरून, खाली मान घालून तिला काहीतरी विचारलं. मी लांब होते, ऐकू आलं नाही. पण विचारलं.
ती गाभाऱ्याकडे पाहत राहिली. मध्ये बोलायला मी उठणार होते, उठले नाही.
फुलं कोमेजलीत. दोन्ही जागच्या जागी.