बॉयलर, पाट आणि अनवाणी पाय

अकोला, ४ मे १९६१

ज्यांच्याकडे राहतो, त्या जावई वसंतराव यांच्या घरालगतच्या उपाहारगृहातील विजेचा बॉयलर तपासला. स्वयंपाकीण पार्वतीबाई म्हणतात, तोटी धरली की झटका बसतो. व. म्हणतात, बाई काम चुकवते. अमरावतीच्या वीजगृहात माझी नोकरी झाली, म्हणून निवाडा माझ्याकडे.

फरशी ओली; पा.बाईंनी मानाने पाट टाकला. त्यावर उभे राहून तोटी धरली. काही नाही. व. नी बुटांसह धरली. काही नाही.

"पाहिलंत ना मामाजी? सोंग आहे सगळं."

पा.बाई: "आबाजी, तुमाले काहून लागत नाही? मले तं कोपरापावतर झिणझिण्या येते. मी का नाटक करून राहिली?"

दोष असिद्ध, एवढे सांगून माझ्या खोलीत परतलो. असिद्ध म्हणजे असत्य नव्हे, हे पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना पहिल्या वर्षीच घोकले होते. तरीही जेवण गेले नाही.

६ मे

परीक्षाच सदोष होती. मी लाकडावर, व. रबरी तळव्यांवर. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, हा विहीणबाईंचा दंडक. मालक तेवढे सुटलेले. म्हणजे जिला झटका बसतो, तिच्या स्थितीत कोणी उभेच राहिले नाही.

बल्ब घेऊन गेलो. एक तार बॉयलरच्या अंगाला, दुसरी जमिनीत गेलेल्या पंपाच्या नळाला. बल्ब लागला. बॉयलर बंद केला, विझला. पुन्हा चालू, पुन्हा लागला; म्हणजे बॉयलरच्या अंगात वीज उतरते. आतले पाणी तापवणारे एलिमेंट फुटले आहे. शिवाय जमिनीत उतरणारी तार नवी शहाबादी फरशी बसवताना गवंड्याने तोडली. दोष सिद्ध.

पा.बाई बल्बाकडे पाहून: "आता त्यायलेबी म्हना, हा बल्ब नाटक करते."

हसू आवरले.

७ मे

व. ना उपाय सांगितला: अंगणात नवी तार पुरा, एलिमेंट बदला, तोवर बॉयलर बंद.

"लग्नसराई संपू द्या, मामाजी. तोवर बाईनं पाटावर उभं राहावं."

पा.बाई: "पाट पायाले बांधून फिरू का? अन् हातातलं पातेलं कोन धरन?"

व. चिडले. म्हणाले, जमत नसेल तर घरी बसा. त्या पदर खोचून निघून गेल्या. मी तिथेच होतो. न्यायातली प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, सारे माझ्या बाजूचे, घर त्यांचे. मुलीच्या घरी राहणाऱ्याचे मत…

९ मे

पा.बाईंच्या जागी आजपासून सुमन. माझी मुलगी. अनवाणी, ओल्या फरशीवर. मी म्हटले, "तोटीला हात लावू नकोस." ती म्हणाली, "बाबा, हळू बोला. सासूबाई ऐकतील." हाताला फडके गुंडाळून पाणी काढते. फडके ओलेच असते.

दुपारी व. ना पुन्हा विनवले. "तुम्ही विश्रांती घ्या," म्हणाले. आदराने म्हणाले; मी खोलीत परतलो.

१० मे

सकाळी कप फुटल्याचा आवाज. सुमन मनगट चोळत उभी. "काही नाही, बाबा. निसटला."

बॉयलरचा फ्यूज काढून खिशात घातला.

व. धावत आले. बाहेर गिऱ्हाईक खोळंबले होते. "कोणी काढला?" मी, असे सांगितले. "द्या." नाही म्हटले. त्यांनी आवाज चढवला नाही. "आजचा दिवस ठेवा. उद्याही द्यायचा नसेल, तर अमरावतीची गाडी सकाळी आहे."

तिथले घर भाड्याने दिलेले. हे त्यांनाही ठाऊक.

वायरमनकडून ते दुसरा फ्यूज आणवू शकतात. त्याला बल्ब दाखवीन. तो ऐकेल की मालकाचे ऐकेल, सांगता येत नाही.

सुमनने मागची चूल पेटवून चहाचे आधण ठेवले. डोळे धुराने लाल. विहीणबाई दाराशी येऊन पाहून गेल्या. सुमनने फ्यूज मागितला नाही. तिनेच मागितला, तर काय करीन, हे अद्याप ठरलेले नाही.