नळाखाली धरलेला हात

रत्नागिरी,
रविवार, दि. ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. योगिनी हिस,

तुझ्या सासूबाईंचे आणि माझे आशीर्वाद. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांगावा. फोनवर मला नीट बोलता येत नाही. मागून राहीचा आवाज ऐकू येतो आणि बोलायचे ठरवलेले राहून जाते. म्हणून हे पत्र.

इकडे पहाटे गारठा जाणवू लागला आहे. बंदरात गेल्या आठवड्यात बांगडा भरपूर आला. बर्फ कारखाना दोन्ही पाळ्यांत चालू आहे, तरी लाद्या कमी पडतात. माझी प्रकृती ठीक आहे.

शुक्रवारी मी राहीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकटाच गेलो होतो. त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. कातडे जेथे पूर्ण भरले आहे, तेथेच दिवसातून तीनदा, हात साबणाने धुऊन, खोबरेल तेलाने हलके चोळावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट प्रत्येक वेळी दहादा उघडून मिटावे. ती रडली तर थांबावे, पण सोडून देऊ नये. वर्षभर त्या हातावर ऊन पडू देऊ नये. कोठे नव्याने लाली, ओल किंवा वास आला, अंग तापले, तर घरात काहीही न लावता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. ‘घरात काहीही न लावता’ हे शब्द डॉक्टरांनी दोनदा उच्चारले. दुसऱ्या वेळी ते माझ्याकडे पाहत होते.

हे सारे तू करतच असशील. पहिले चार दिवस तू काय करत होतीस, ते मी पाहिले आहे. पट्टी सोडण्यापूर्वी कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होतीस. गॉज बंद पाकिटातलेच वापरत होतीस. एकही फोड फोडला नाहीस. मी ओटीवर बसून कॅलेंडरवर प्रत्येक पट्टीची वेळ लिहीत होतो, त्यामुळे यातले काही माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

असे असूनही चौथ्या दिवशी तिला ताप भरला आणि जखमेला वास येऊ लागला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “भाजल्याबरोबर काय लावलंत?” तू माझ्याकडे पाहिलेस. मी म्हणालो, “पाणी.”

मग त्यांनी तुला विचारले, “पट्टी बदलताना हात धूत होता ना?” तू हो म्हणालीस, आणि त्या खोलीत ते माझ्याखेरीज कोणालाही खरे वाटले नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, “धूत होतीस म्हणजे नुसते पाण्याखालून काढत होतीस काय गो?” संदेश लोट्याच्या कंपनीतून रजा टाकून आला, तो दारातूनच तुला म्हणाला, “एक पोर सांभाळायची होती, तेवढंही जमलं नाही.” राहीच्या मांडीचे कातडे काढून हाताला लावले, त्या दिवशीही नवरा असून तो तुझ्या बाकावर बसला नाही. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो.

ते पाणी नव्हते, योगिनी. तुला हे ठाऊक आहे. तरी माझ्या हाताने लिहिले गेले पाहिजे.

सोमवार, २३ सप्टेंबर, सकाळी पावणेआठ. तू भाताची पेज गाळत होतीस आणि राहीने टोप ओढला. मी देवघरातून बाहेर आलो तेव्हा तू तिला कडेवर घेऊन तिचा डावा हात मोरीच्या नळाखाली धरला होतास. “एवढ्याशा पाण्याने काय होणार?” असे म्हणून मी नळ बंद केला. मागच्या पडवीत मी आदल्या संध्याकाळी कारखान्यातून आणलेली मासळीची पेटी होती. तिच्यातले बांगडे बाजूला सारून मी राहीचा हात बर्फाच्या चुऱ्यात दाबला. तू म्हणालीस, “बाबा, नळाखालीच असूदे. मासळीचा बर्फ आहे तो.” मी म्हणालो, “एकतीस वर्षं बर्फात काढली आहेत मी. मला शिकवू नकोस.” घड्याळ लावून मी वीस मिनिटे मोजली. ती आधी किंचाळली, मग शांत झाली. शांत झाली म्हणजे बरे वाटले, असे मी समजलो. नंतर तू दवाखान्यात नेऊ या म्हणालीस, तेव्हा मीच म्हणालो की बर्फाने भागले आहे, मलम पुरे.

कारखान्याच्या फाटकावर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी आहे: ‘हा बर्फ खाण्यासाठी नाही.’ कोणी सरबतासाठी तुकडा मागितला तर मी पाटीकडे बोट दाखवतो.

शुक्रवारी डॉक्टरांना हे सर्व सांगितले. ते म्हणाले, बर्फाने भाजलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी तुटतो आणि जखम खोल जाते. शिवाय त्या चुऱ्यात काय काय असेल, कोण सांगणार. नळाचे साधे पाणी वीस मिनिटे, एवढेच हवे होते. जंतू नेमके त्यातूनच आले का, असे मी विचारले. “खात्रीनं सांगता येणार नाही,” असे ते म्हणाले. या वाक्याच्या आडोशाला मी जाणार नाही.

काल दुपारी संदेश आल्यावर त्याला आणि तुझ्या सासूबाईंना समोर बसवून मी हेच सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “अडीच महिने मी त्या पोरीला बोलत्ये, नि तुम्ही बसून ऐकत होतात?” त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. ती पेटी त्यांनी घासून परसात उपडी घातली आहे. संदेशने विचारले, “ती मला का नाही बोलली?” मी म्हणालो, “तू तिला विचारलंस कुठे?” तो जेवला नाही. पुढच्या शनिवारी तुझ्या माहेरी मंडणगडला येतो म्हणतो. त्याला घरात घ्यायचे की नाही, हे तू ठरव. त्याच्यासाठी किंवा माझ्यासाठी मी रदबदली करणार नाही.

तू का गप्प राहिलीस, हेही विचारणार नाही. माझी लाज तू राखलीस आणि तिचा भार अडीच महिने तुझ्या डोक्यावर राहिला. हे पत्र तुझ्या वडिलांना वाचायला दे. त्यांच्या मुलीकडून हयगय झाली नव्हती, हे त्यांना माझ्या अक्षरात कळले पाहिजे.

एक गोष्ट उरते. तुम्ही निघालात त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीतून राही मला म्हणाली, “आजोबा, तिकडे तुमचा बर्फ नाय. हात दुखला तर?” तिच्या लेखी मी तिचा हात थंड करणारा माणूस आहे. मी मान हलवली आणि गाडी सुटली.

ती आणखी थोडी मोठी झाली की तिला समजावून सांग. पहिल्यांदा आईने धरला होता, तेथेच तो हात राहायला हवा होता. आणि नळ कोणी बंद केला, असे तिने विचारलेच, तर माझे नाव सांग.

गंगाराम