बद्द वाजलेली फ्रेम

आबा,

आज दुकानात एक जण जुनी स्टीलची फ्रेम घेऊन आला. हल्ली सगळे हलक्या सायकलींचे शौकीन, फ्रेम एका बोटावर उचलून दाखवतात. स्टील आणणारा एखादाच. मी ती सुतळीने हुकाला टांगली, पान्याने हलकाच टोला दिला आणि आवाज विरेपर्यंत थांबलो. "काय बघताय?" त्याने विचारलं. "बघत नाही, ऐकतोय," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. गिऱ्हाइकासमोर मला केव्हाही हसता येतं. तो गेल्यावर भर दुपारी शटर अर्धं ओढलं आणि जॉबकार्डाच्या पाठीवर तुम्हाला लिहायला बसलो.

ऐकायला तुम्हीच शिकवलंत. तुर्भ्याच्या फॅक्टरीत परदेशी जाणाऱ्या सायकलींच्या फ्रेमी व्हायच्या आणि प्रत्येक फ्रेम तुमच्या हातोडीखालून जायची. फ्रेम उघडी हवी, दोरीला टांगलेली हवी. जोड पक्का असला तर आवाज घंटेसारखा लांबतो, आत कुठे चीर असली तर बद्द. तुम्ही खडूने फुली मारलीत की साहेबसुद्धा ती पुसायचे नाहीत. ती फ्रेम कापूनच भंगारात जायची, कुणी चोरून वापरू नये म्हणून. कोपरखैरण्याच्या आपल्या लायनीत तुम्हाला 'कानवाले' म्हणायचे. मी कानवाल्यांचा पोरगा. वाशीच्या दुकानात नोकरीला लागलो तेव्हा सायकल दारात यायच्या आधीच मी सांगायचो, मागचा हब कोरडा पडलाय.

आयटीआय पास झालो तेव्हा तुम्ही मला भिंतीला उभं करून टेप लावलीत. पायाचं माप, हाताचं माप, पाठीचं माप. आई म्हणाली, "लग्नाचा सूट शिवताय का काय?" साहेबांची परवानगी काढून, उरलेल्या नळ्यांतून, तुमच्या बोनकोड्याच्या वेल्डर दोस्ताने ती फ्रेम जोडली. डोंगरात चालवायची सायकल, माझ्या एकट्याच्या मापाची. फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा, बस. बाकीचं तुझं तू जमव, म्हणालात. गॅलरीतल्या दांडीला टांगून तुम्ही टोला दिलात आणि मला विचारलंत, "कशी बोलते, सांग." मी म्हटलं, "घंटा आहे, आबा." तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, माझी परीक्षा घेताय.

सहा महिने लागले. चाकं मी स्वतः गुंफली. एकेक स्पोक छेडून सगळे एका सुरात आणले, मगच चाकांचं डुलणं, आमच्या भाषेत आउट, काढलं. चिमटा ज्यांत फिरतो त्या वाट्या फ्रेममध्ये बसवायचं हत्यार नव्हतं, म्हणून लांब बोल्ट आणि दोन लाकडी ठोकळे घेऊन पाव पाव आटा आवळत बसवल्या. तुम्ही समोर पाटावर, छर्रे ठेवलेलं झाकण हातात धरून. एकदाच बोललात, "ग्रीस कमी लाव, लोणी नाही ते." तेवढं सुखाचं मला पुन्हा काही मिळालं नाही. हे लिहितानाही राग येतो, कारण पुढचं सांगायचंय.

रविवार आहे. सायकल तयार होऊन अंगणात उभी आहे. मी पारसिकच्या खाणीचा उतार उतरणार म्हणून अर्धी लायन बघायला आलीय. वेल्डरकाका पान चघळत तुम्हाला म्हणतात, "काय सातारकर, पास करा की! मारा स्टॅम्प." सगळे हसतात. तुम्ही आतून हातोडी आणता, खाली वाकता, टोला देता. टायर, केबली, सीट चढवलेली फ्रेम कुणाचीही बद्दच वाजणार. अशी फ्रेम वाजवायचीच नसते, हे तुम्हीच शिकवलेलं. कानाने काम करणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. दुसरा टोला. तिसरा. तुमचं लक्ष फ्रेमकडे नव्हतं, आमच्या तोंडांकडे होतं. तेव्हा कळलं, दोन वर्षं टीव्ही एवढा मोठा का असतो, आणि गॅलरीत तुम्ही मला का विचारलं होतंत.

"बद्द आहे," तुम्ही म्हणालात आणि हॅकसॉ घेतलात. मी "आबा, नको" म्हणून ओरडलो. तुमची पाठ माझ्याकडे होती. वेल्डरकाकांनी पान थुंकलं. "माजा जॉइंट हाय तो! वीस वरसांत एक नाय सुटला. कान दाखव डॉक्टरला, कान!" खालची नळी आरपार कापून तुम्ही घाम पुसलात. आई म्हणायची, पोराच्या जिवाची भीती वाटली त्यांना. वाटलीही असेल. मग ज्यांची मापं तुम्ही घेतली नव्हती, त्या परक्या पोरांची का नाही वाटली? सोमवारी जाऊन त्यांच्या फ्रेमी पास करतच होतात ना?

पुढच्या रविवारी साहेब घरी आले. वेल्डरकाकांनी तक्रार केली होती, म्हातारा बहिरा झालाय म्हणून. चहा तसाच ठेवून साहेबांनी मला विचारलं, "खरं सांग. फ्रेम उघडी असताना कशी वाजली होती?" तुम्ही समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. एक शब्द बोललो असतो तर तुमची नोकरी गेली असती, आणि तो शब्द खरा होता. मी म्हणालो, "बद्द वाजली होती, साहेब. मीच सांगायला घाबरलो." ते गेले. वेल्डरकाकांनी पुन्हा आपल्या दाराची पायरी चढली नाही. त्यांच्या हाताला डाग मी लावला. त्यानंतर रिटायर होईपर्यंत तुमच्या हातोडीखालून किती फ्रेमी गेल्या, तो विचार मी फार लांबवत नाही.

नोकरी टिकली ती साहेबांनी दया केली म्हणून, असंच तुम्ही समजत राहिलात. त्यांचं नाव निघालं की मान खाली घालायचात. मी स्वतःचं दुकान टाकलं, तिथे येऊन स्टुलावर बसायचात. एकदा विचारलंत, "साहेबाला काय सांगितलंस रं त्या दिवशी?" माझ्या हातात चाक फिरत होतं. मी ऐकूच न आल्यासारखं केलं. मी, कानवाल्यांचा पोरगा. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

तुम्हाला वाचता येत होतं, आबा. कागदाच्या चिटोऱ्यावर दोन शब्द लिहून दाखवले असते तर भागलं असतं, आणि कागद या दुकानात कधी कमी नव्हता. आता ही दोन जॉबकार्डं भरलीत. ड्रॉवरमध्ये टाकेन, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे टाकणार. एक गोष्ट मात्र राहिली. साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. उत्तर द्यायच्या आधी मी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तुम्हाला कळू नये, म्हणूनच फिरवलं.